भूगोलाच्या बाईंना विचारा : नाशिकएवढा जिल्हा आणि माणसं साडेपाच हजार

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकेत नेब्रास्का राज्यात चेरी नावाची एक काउंटी आहे, ती क्षेत्रफळाने आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी आहे आणि तिथली सगळी माणसं गोळा केली तर निफाडकडच्या एखाद्या पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात एका दुपारी जेवून जातील एवढीच भरतील. बस, त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आलेत की गोदावरीच्या पुराचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. पूर थांबेल, वाचक थांबत नाहीत. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला पण एवढ्या हौसेने कोणी प्रश्न विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

मॅडम नमस्कार, मी इंदिरानगरला राहते. तुमचा लेख वाचून माझी झोप उडालीय कारण आमचे जावई डॉक्टर आहेत आणि त्यांना नेमकं त्याच चेरी काउंटीत व्हॅलेंटाइन नावाच्या गावात तीन वर्षांसाठी जावं लागणार आहे. लेक म्हणते आई काळजी करू नको, छान जागा आहे. काउंटी म्हणजे नक्की काय असतं, खेडं का तालुका? आणि चांगल्या डॉक्टर माणसाला असं आडगावात का पाठवतात?

ताई, आधी पाणी प्या. काउंटी म्हणजे खेडं नाही. राज्याच्या खालचा भाग, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, पण कामं बघितली तर जिल्हा परिषद, तहसील, पोलीस ठाणं असं सगळं थोडं थोडं मिसळलेलं. अमेरिकेत अशा तीन हजारांच्या वर काउंट्या आहेत, लुईझियानात त्यांनाच पॅरिश म्हणतात आणि अलास्कात बरो. मोठा फरक काय, तर आपला कलेक्टर वरून नेमलेला असतो आणि तिकडे काउंटीचे कमिशनर लोक निवडून देतात, शेरीफ म्हणजे पोलिसांचा मुख्य तोसुद्धा मतं मागून निवडून येतो, एवढंच काय, नोंदी ठेवणारा क्लार्क पण निवडून येतो. आपल्याकडे तलाठ्याची निवडणूक लावली तर काय होईल ह्याचा विचारच मी करत नाही.

आता आकडे. नाशिक जिल्हा १५,५३० चौरस किलोमीटर. चेरी काउंटी साधारण १५,५६०. म्हणजे एकावर एक ठेवली तर जवळजवळ बसतात. पूर्व-पश्चिम ९६ मैल म्हणजे दीडशे किलोमीटरच्या पुढे, दक्षिणोत्तर ६३ मैल म्हणजे शंभर. इगतपुरीहून निघायचं, नाशिक, पिंपळगाव, चांदवड करत मालेगाव गाठायचं, एवढी तिची लांबी. ह्या आपल्या पट्ट्यात २०११ च्या जनगणनेला ६१,०७,१८७ माणसं होती (२०२१ ची राहूनच गेली, म्हणून अजून तोच आकडा कुरवाळत बसायचं). चेरीत २०२० ला ५,४५५. लाख नाही, हजार. आपल्याकडे एका चौरस किलोमीटरमध्ये ३९३ माणसं, तिकडे एका माणसाच्या वाट्याला पावणेतीन चौरस किलोमीटर, एकरात सांगायचं तर सातशे एकर. आपला सगळ्यात कमी वस्तीचा पेठ तालुका धरला तरी तिथे लाखाच्या वर माणसं आहेत.

जिल्ह्याचं ठिकाण व्हॅलेंटाइन, तिथे २,६३३. म्हणजे काउंटीतली निम्मी जनता एकाच गावात, उरलेली अर्धी सगळ्या नाशिक जिल्ह्याएवढ्या जागेवर पसरलेली. बाकी गावं म्हणजे कोडी, किलगोर, क्रुक्स्टन, मेरिमन, वुड लेक, नेन्झल. त्यातलं कोडी दीडशेच्या पुढेमागे आणि नेन्झल तर वीसच्या आत, आपल्या एका वाड्यात सुखाने राहतील एवढे.

जावयांचं म्हणाल तर ती शिक्षा नाही, उलट त्यांनीच बहुतेक मागून घेतलं असेल. परदेशातून जे-१ व्हिसावर शिकायला आलेल्या डॉक्टरला शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत जावं लागतं, ते टाळायचं असेल तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, मग सूट मिळते. दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड ह्यांनी १९९४ मध्ये ही योजना आणली म्हणून तिला कॉनराड ३० म्हणतात, सुरुवातीला २० च जागा होत्या. म्हणूनच अमेरिकेतल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या गावात गेलात तर तिथला डॉक्टर रेड्डी, पटेल नाहीतर कुलकर्णी निघतो. हॉस्पिटल छोटं असेल, अशा ठिकाणच्या हॉस्पिटलांना जास्तीत जास्त २५ खाटांची मर्यादा असते, पण लहान म्हणजे वाईट असं समजू नका. मोठं काही झालं तर हेलिकॉप्टर नाहीतर विमान. तुमचा डाळतांदळाचा दुसरा मेसेज पण मिळालाय, त्याचं शेवटी सांगते.

बाई, मी पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष बागायतदार. एवढी जमीन मोकळी पडलीय म्हणता, मग पिकवत का नाहीत? पाणी नाही का? आमच्याकडे तर लोक गुंठ्यावरून भावाभावात कोर्टात जातात.

भाऊ, ह्या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा, कारण उत्तर उलटंच आहे. पाणी आहे. भरपूर आहे. एवढं आहे की तुम्ही ऐकून हळहळाल.

आधी जमीन समजून घ्या. चेरी काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्समध्ये येतो, सरळ मराठीत वाळूच्या टेकड्या. वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूचे ढीग, काही ठिकाणी शंभर मीटरच्या वर उंच आणि वीस वीस मैल लांब, एकामागे एक, समुद्राच्या लाटा गोठल्यासारख्या. नेब्रास्काचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग ह्यानेच व्यापलाय, अख्ख्या पश्चिम गोलार्धात वाळूच्या टेकड्यांचा एवढा मोठा पट्टा दुसरा नाही. पण वाळवंट म्हणून राजस्थान डोळ्यापुढे आणू नका. ह्या टेकड्यांवर गवत आहे. ब्लूस्टेम वगैरे जातींचं, खोल मुळांचं, आणि ते गवत आहे म्हणूनच टेकडी जागेवर आहे. ते गवत एका ठिकाणी निघालं, गुरांनी पायवाट पाडली किंवा कोणी नांगर घातला, की वारा तिथून वाळू उचलायला लागतो आणि खड्डा वाढत जातो, त्याला तिकडे ब्लोआउट म्हणतात. तो बुजवायला रँचवाले, म्हणजे मोठमोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, जुने टायर नेऊन टाकायचे, गवताला धरायला काहीतरी आडोसा मिळावा म्हणून. मी एकदा ओमाहाच्या भाच्याबरोबर त्या भागातून गेले होते तेव्हा कुंपणापलीकडे अर्धे गाडलेले टायर दिसले आणि मी म्हटलं शी, किती कचरा टाकतात हे लोक. भाच्याने समजावलं तेव्हा गप्प बसले.

आता पाणी. व्हॅलेंटाइनला वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या येवला-नांदगावएवढा धरा. पण येवल्यात पडलेला पाऊस खाली काळ्या पाषाणावर आपटतो, भेगा असतील तिथे मुरतो, नाहीतर वाहून जातो, म्हणून तर चांदवडला पाचशे फूट बोअर मारून पण धूळ निघते. सँडहिल्समध्ये पडलेला थेंब चाळणीतून गेल्यासारखा खाली जातो आणि खाली ओगलाला नावाचा प्रचंड जलसाठा आहे, आठ राज्यांच्या पोटाखाली पसरलेला. त्यातलं निम्म्यापेक्षा बरंच जास्त पाणी एकट्या नेब्रास्काखाली. काही ठिकाणी पाण्याने भरलेला थर तीनशे मीटर जाड आहे. टेक्सास आणि कॅन्ससने आपल्या बाजूचं उपसून उपसून खाली नेलंय, सँडहिल्सखालचं मात्र टिकून आहे. दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात तर भूजल आपोआप वर येऊन तळी होतात, अशी शेकडो तळी. वीज नको मोटर नको, पवनचक्की वाऱ्यावर फिरते आणि गुरांच्या टाकीत पाणी पडत राहतं, तिला लोडशेडिंग माहीत नाही.

मग शेती का नाही, तर त्या वाळूत पाणी थांबतच नाही आणि नांगर घातला की जमीनच उडून जाते. लोकांनी प्रयत्न केला नाही असं नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर फुकट मिळायचे, पाच वर्षं राहून कसा आणि तुमचे. पूर्व नेब्रास्कात तेवढ्यात संसार उभे राहिले, इकडे वाळूत उपाशी मरायची वेळ. म्हणून मोझेस किंकेड नावाच्या तिथल्याच खासदाराने १९०४ मध्ये कायदा करून घेतला, पश्चिम नेब्रास्कात १६० ऐवजी ६४० एकर. म्हणजे एक पूर्ण चौरस मैल, त्याला तिकडे सेक्शन म्हणतात. १७८५ पासून त्यांनी जमीन अशीच चौकोनात मोजत नेली, मैलाचा एक चौकोन म्हणजे सेक्शन, असे ३६ मिळून एक टाऊनशिप. आपल्यासारखं ओढा, बांध, आंब्याचं झाड अशा हद्दी नाहीत, नकाशावर पट्टी ठेवून रेघा. विमानातून बघाल तर चौकटीचा टॉवेल वाटतो.

तर ६४० एकर ऐकून देशभरातून माणसं आली, त्यांना किंकेडर म्हणायचे. तुम्ही म्हणाल ६४० एकर म्हणजे राजाच की. पण हिशोब करा, त्या गवतावर एका गाईला वासरासकट वर्षभर पोसायचं तर दहा ते वीस एकर लागतात. म्हणजे ६४० एकरात चाळीसएक गाई, त्या पण सगळं नीट झालं तर. त्यावर कुटुंब चालेना, काहींनी नांगर घातला आणि दोनतीन वर्षांत वाळू उडाली, मग शेजारच्या मोठ्या रँचवाल्याला विकून निघून गेले. त्यामुळेच आज तिथे रँच म्हणजे काही हजार एकरांचंच असतं आणि त्याला कोणी श्रीमंती समजत नाही, तेवढं नसेल तर चूलच पेटत नाही. पुढे १९७० नंतर गोल फिरणारे मोठे स्प्रिंकलर आले तेव्हा परत काही कंपन्यांनी तिथे मका लावायला घेतला, पाणी तर होतंच, पण काही ठिकाणी जमीन उघडी पडून उडायला लागली आणि सोडून द्यावी लागली.

आणि गाई कशा आल्या त्याची एक गोष्ट सांगतात. सुरुवातीला गुराखी लोक ह्या टेकड्यांना घाबरायचे, आत गेलेलं जनावर परत येत नाही म्हणायचे. १८७९ मध्ये वादळात हजारो गुरं टेकड्यांत भरकटली, शोधायला गेलेल्यांना वाटलं सापळे मिळतील, तर गुरं खाऊनपिऊन गुबगुबीत झालेली. तेव्हापासून हा गाईंचा प्रदेश. मांसासाठी पाळतात त्या गाईंची सगळ्यात जास्त संख्या अमेरिकेतल्या कुठल्या काउंटीत विचाराल तर चेरीचंच नाव पुढे येतं, लाखाच्या वर आहेत, म्हणजे माणशी वीस-पंचवीस तरी. वसंतात वासरांना डागण्या देतात, उन्हाळ्यात ओल्या खळग्यांतलं गवत कापून मोठमोठे गोल भारे बांधतात, शरद ऋतूत वासरं विकायला काढतात. जशी आपली लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग तशी तिकडे वासरांच्या ट्रेलरची.

तेव्हा भाऊ, द्राक्षं विसरा. तुमची एकरी उलाढाल ऐकून तो रँचवाला चाट पडेल आणि त्याचे एकर ऐकून तुम्ही, आणि शेवटी वर्षअखेर हातात काय राहतं ह्यावर दोघंही सारखंच कुरकुराल असा माझा अंदाज आहे.

एमपीएससीचा अभ्यास करतो, कॉलेज रोड. सगळ्यात कमी लोकसंख्येची काउंटी चेरी का?

नाही रे बाबा. चेरी ह्या शर्यतीत फार मागे आहे. सगळ्यात कमी टेक्सासमधली लव्हिंग काउंटी, २०२० ला ६४ माणसं, जागा मात्र साडेसतराशे चौरस किलोमीटर. त्यानंतर हवाईतली कालावाओ, ८२, पण ती पूर्वीची कुष्ठरोग्यांची वसाहत असल्याने तिचं प्रकरण वेगळं. दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिस काउंटी, २०२० ला एक कोटीच्या वर. नाव दोन्हींना एकच, काउंटी. एकदा पेपरात मला मार्कच कमी दिले होते कुणीतरी, की "जिल्हे साधारण सारख्या लोकसंख्येचे असतात" हे विधान मी चूक ठरवलं म्हणून, तो राग अजून गेलेला नाही.

तुझ्या अभ्यासासाठी एक उपयोगाची गोष्ट सांगते. व्हॅलेंटाइन २०१० च्या जनगणनेत "शहरी" होतं आणि २०२० ला "ग्रामीण" झालं. गाव तेवढंच, शंभरेक माणसं कमी झाली फक्त. आधी अमेरिकेत अडीच हजार वस्तीला शहरी म्हणायचे, २०२० साठी ती अट पाच हजार माणसं किंवा दोन हजार घरं अशी वाढवली आणि अख्खी चेरी काउंटी एका फटक्यात शंभर टक्के ग्रामीण. आपली व्याख्या तर माहितीच असेल, पाच हजार वस्ती, पंचाहत्तर टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला चारशेची घनता. आता गंमत बघ, आपल्या सगळ्या नाशिक जिल्ह्याची सरासरी, सुरगाण्याचे डोंगर आणि पेठची जंगलं धरून, ३९३.

आणि अजून एक, नेब्रास्कातच बॉइड काउंटीत मोनोवाय नावाचं गाव आहे तिथे एकच आजी राहतात, त्याच महापौर, त्याच क्लार्क, त्याच ग्रंथपाल. २०२० च्या जनगणनेने तिथे दोन माणसं दाखवली. आजी म्हणाल्या दुसरं कोण, मला तरी दिसलं नाही. झालं असं की कोणाची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून जनगणनावाले छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळतात, राज्याचा एकूण आकडा मात्र जसाच्या तसा ठेवतात. तेव्हा इतक्या लहान आकड्यांवर घोकंपट्टी करताना जरा बेताने.

बाई मी आठवीत आहे, देवळाली कॅम्प. माझा दादा म्हणाला की तिकडे एकाच जिल्ह्यात दोन वेगवेगळे टाइम असतात. तो थापा मारतो का?

ह्यावेळी नाही मारली. वेळेची रेघ चेरी काउंटीच्या मधूनच जाते. व्हॅलेंटाइनला सेंट्रल टाइम आणि पश्चिमेकडच्या मेरिमनला माउंटन टाइम, एक तास मागे. म्हणजे व्हॅलेंटाइनला दहा वाजता निघालास आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालवून तासाभरात मेरिमनला पोचलास, तर तिथे दहाच वाजलेले. परत येताना मात्र तो तास वसूल करतात. कल्पना कर, देवळालीत शाळा सात वाजता आणि मालेगावात आठला! तू लगेच मालेगावला बदली मागशील माहितीये मला.

अजून एक तुझ्या कामाचं. तिकडे गाड्यांच्या नंबर प्लेटवर काउंटीचा आकडा असतो, आपला एमएच १५ तसा चेरीचा ६६. १९२२ मध्ये ज्या काउंटीत गाड्या जास्त तिला पहिला नंबर असं करत करत ९३ काउंट्यांना आकडे दिले, मोठ्या शहरांच्या तीन काउंट्या सोडल्या तर तेच अजून चालू आहेत. आणि रात्री मेरिट नावाच्या धरणावर आकाश इतकं काळं असतं की दरवर्षी लोक लांबून लांबून दुर्बिणी घेऊन तिथे मुक्कामाला येतात. दिवेच नाहीत ना आजूबाजूला.

निवृत्त बँक अधिकारी, पंचवटी. इतका मोकळा प्रदेश, म्हणजे युरोपीय लोक यायच्या आधी तिथे कोणीच नव्हतं असं समजायचं का?

नाही, आणि हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण "मोकळा" हा शब्द मीच बेफिकीरपणे वापरला होता. तो लाकोटा लोकांचा मुलूख. बायसन म्हणजे तिकडच्या रानगव्यांच्या मागे फिरणारे, हिवाळ्यात टेकड्यांच्या आडोशाला येणारे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात मोठा प्रदेश त्यांचा म्हणून कबूल केला होता, दहा वर्षांत त्यांना राखीव भागात ढकललं. चेरीच्या उत्तर सीमेला लागूनच साउथ डकोटातला रोझबड हा त्यांचा राखीव भाग आजही आहे, आणि व्हॅलेंटाइनजवळ १८८० मध्ये फोर्ट नायोब्रारा बांधला तो त्या रोझबडवर नजर ठेवायलाच. काउंटीला चेरी हे नाव पडलं ते फळावरून नाही, त्या किल्ल्यावरच्या सॅम्युअल चेरी नावाच्या लेफ्टनंटवरून, तो १८८१ मध्ये मारला गेला आणि १८८३ मध्ये काउंटी झाली. १९०६ मध्ये किल्ला बंद झाला, १९१२ मध्ये त्या जागेचं अभयारण्य केलं आणि जे बायसन आधी मारून संपवले होते तेच परत आणून सोडले. सरकारी काम म्हटलं की सगळीकडे सारखंच, नाही का.

किंकेड कायद्यानंतर आलेल्यांत काळे शेतकरी पण होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९०७ पासून ब्राउनलीजवळ नॉर्थ लूप नदीच्या काठाला त्यांनी डेविटी नावाची वस्ती केली, त्यातल्या काहींचे आईबाप गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले. शाळा, चर्च, पोस्ट ऑफिस सगळं होतं, नंतर गावाचं नाव बदलून ऑडेशस केलं, म्हणजे धाडसी. १९३० नंतरच्या दुष्काळात आणि मंदीत ते पण उठले. आज तिथे गवत आहे आणि रस्त्याकडेला एक पाटी.

तुम्ही बँकेतले म्हणून शंभर वर्षांचा ताळेबंद देते. १९२० मध्ये काउंटीत पावणेबारा हजार माणसं होती, ती सगळ्यात जास्त. तेव्हापासून दर जनगणनेला थोडी थोडी कमी होत आता निम्म्याच्या खाली. कोणी मोठं संकट नाही, दंगल नाही. रँच मोठी झाली, ट्रॅक्टर आले, चार माणसांचं काम एकाने व्हायला लागलं, मुलं लिंकन-ओमाहाला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. १९९२ मध्ये रेल्वेपण बंद झाली, रूळ काढून तिथे सायकलची वाट केलीय, व्हॅलेंटाइनजवळ नायोब्रारा नदीवरचा तिचा जुना पूल दीडशे फूट उंच आहे, त्यावरून चालताना मी खाली बघितलंच नाही.

एक आजी, नाशिकरोड. गावाचं नाव व्हॅलेंटाइन कसं हो? ते फेब्रुवारीतलं गुलाबवालं का?

नाही आजी, एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाचे खासदार होते त्यांच्यावरून. पण गावाने नावाचा फायदा सोडला नाही, फेब्रुवारी आला की देशभरातून लोक आपापली प्रेमपत्रं आधी ह्या गावच्या पोस्टात पाठवतात, तिथे हृदयाचा खास शिक्का मारून पुढे जातात. संतमहात्म्याचा काही संबंध नाही.

(इंदिरानगरच्या ताई परत) : तिथे खायला काय मिळणार? आमची लेक पूर्ण शाकाहारी. आणि थंडी किती?

ताई, थंडी आहे. हिवाळ्यात उणे वीसच्या खालीसुद्धा पारा जातो आणि वारा अडवायला काही नाही, स्वेटर इथून न्यायच्या भानगडीत पडू नका, तिकडचा जाड कोट तिकडेच घ्यायचा, आपले स्वेटर तिथे रुमालाच्या कामाचे. उन्हाळ्यात चाळीसच्या जवळ.

खायचं म्हणाल तर व्हॅलेंटाइनला किराणा आहे, दूध-ब्रेड-बटाटे-कांदे-फ्लॉवर सगळं मिळेल. तूरडाळ, कढीपत्ता, कोकम ह्यासाठी ओमाहा, पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर, म्हणजे नाशिकहून कोल्हापूरला डाळ आणायला गेल्यासारखं. दोनतीन महिन्यांचं एकदम भरायचं. गाडी शिकून घ्यायला सांगा लेकीला, तिथे बस-रिक्षा काही नाही, दक्षिणेला थेडफर्डच्या रस्त्यावर शंभर किलोमीटरमध्ये गाव म्हणावं असं काही लागत नाही. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम फ्रिजवर चिकटवून ठेवायचा.

माणसं कशी असतील ही तुमची खरी काळजी, ती मला मेसेजमध्ये ओळींच्या मध्ये दिसली. बहुतेक गोरे, थोडे लाकोटा, आपल्यासारखे दिसणारे अगदी मोजके. टक लावून बघतील सुरुवातीला, लहान गावात बघतातच, पेठला नवीन डॉक्टर आला तर आपण काय डोळे मिटून बसतो? पण त्याच काउंटीत कोडी नावाचं दीडशे माणसांचं गाव आहे, तिथलं किराणा दुकान बंद पडलं होतं तर शाळेतल्या पोरांनी गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती उभारून दुकान बांधलं आणि २०१३ मध्ये स्वतः चालवायला घेतलं. हिशोब पोरांचा, गल्ला पोरांचा. अशा ठिकाणी डॉक्टर टिकावा असं सगळ्या गावाला वाटत असतं, त्याच्या बायकोला काय हवं नको ते चार लोक विचारतील, उलट जास्तच विचारतील. आणि बाई माणूस म्हणून मागे राहायचा तो मुलूख नाही, १९५४ मध्ये नेब्रास्काची पहिली महिला सिनेटर झाली ती ईव्हा बाऊरिंग, मेरिमनजवळ रँच चालवायची.

फोन आपल्या सकाळी साडेसातला करा. हिवाळ्यात तिकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात नऊ, जेवणं उरकलेली असतात. आणि दिवाळीचा फराळ पाठवाल तेव्हा पत्त्यात व्हॅलेंटाइन, नेब्रास्का ह्याच्यापुढे ६९२०१ हा पिनकोड नक्की टाका, चकल्या मात्र नका पाठवू, पोचेपर्यंत भुगा होतो, हे भाच्याच्या अनुभवावरून सांगतेय.